भावाची रेडिओग्राफी आणि वहिनींचं एक्स-रे डिपार्टमेंट: घाबरायचं नक्की कुठं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की धाकटा भाऊ डिप्लोमा करून कुपवाड एमआयडीसीत एका एनडीटीवाल्याकडं, म्हणजे वस्तू न तोडता आतले दोष तपासणाऱ्याकडं, हेल्पर म्हणून लागलाय, फाउंड्रीतल्या कास्टिंगची आणि बाहेर साइटवर वेल्डिंगची रेडिओग्राफी करतात ते लोक. आणि वहिनी मिरजेत एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहेत, त्यांना तिसरा महिना लागलाय. घरात सगळे वहिनींच्या मागं लागलेत की नोकरी सोड, बाळाला काहीतरी होईल. भावाचं मात्र कुणी नाव काढत नाही, कारण तो "कंपनीत" लागलाय आणि पगार बरा आहे.

मी दोन्हीकडं काम केलंय. आधी बरीच वर्षं साखर कारखाने, फाउंड्र्या, पाइपलाइन असं इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत काढली आणि नंतर हॉस्पिटलकडं आरएसओ म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून आलो. त्यामुळं सरळच सांगतो, तुमच्या घरच्यांनी भीती चुकीच्या माणसाबद्दल धरलीय. वहिनींनी नोकरी सोडायची काही गरज नाही, थोडं सांभाळायचंय ते खाली लिहितो. भावाच्या बाबतीत मात्र घरच्यांपैकी कुणीतरी एकदा बसून त्याला चार प्रश्न विचारायला पाहिजेत.

आधी वहिनींचं संपवतो.

एक्स-रे मशीन म्हणजे एक ट्यूब, तिला हाय व्होल्टेज दिलं तेवढ्या क्षणापुरते एक्स-रे निघतात, स्विच सोडला की संपलं. खोलीत काही "साठून" राहत नाही, भिंतीत मुरत नाही, पेशंटच्या अंगातून घरी येत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालंय, तरी परवाच एका मावशींनी मला विचारलं की एक्स-रेच्या खोलीतली फरशी पुसली तर चालंल ना. चालंल, मशीन बंद असताना ती खोली इतर कुठल्याही खोलीसारखीच असते.

मशीन चालू असताना टेक्निशियनला जे लागतं ते मेन बीममधून नाही, पेशंटच्या अंगावरून जे उडतं, ज्याला आम्ही स्कॅटर म्हणतो, त्यातून. आणि ते पेशंटपासून मीटरभरावर मूळ बीमच्या साधारण हजाराव्या भागाएवढं असतं. त्यात वहिनी कंट्रोल पॅनलपाशी लेड ग्लासच्या पडद्यामागं उभ्या असतात. खोलीची भिंत नऊ इंची विटेची असली तर ती एक्स-रेसाठी साधारण दोन मिलिमीटर शिशाच्या बरोबरीची धरतात. म्हणून तर फिक्स एक्स-रे रूममध्ये नीट काम करणाऱ्या टेक्निशियनचे बॅजचे, म्हणजे अंगावर लावून डोस मोजायच्या बिल्ल्याचे, रिपोर्ट तिमाहीमागून तिमाही शून्याला चिकटून येतात.

आकडे हवेत तर, एक छातीचा एक्स-रे काढला तर पेशंटला साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचा डोस मोजायचं माप) मिळतात, पोटाच्या सीटीला आठ-दहा. आणि काहीच न करता, नुसतं जगण्यासाठी जमिनीतून, हवेतून, आकाशातून, खाण्यातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. आपल्याकडं तर जमीन काळ्या कातळाची, बेसॉल्टची, त्यात युरेनियम-थोरियम कमी. केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळं काही ठिकाणी याच्या कैक पट असतं, तिथल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झालाय आणि कॅन्सर जास्त निघालेला नाही. बाळाच्या बाबतीत, पोटातल्या बाळाला १०० मिलिग्रेच्या (एक्स-रेसाठी मिलिसिव्हर्टएवढंच धरा) खाली डोस असेल तर व्यंग येण्याचा किंवा गर्भपात करायला सांगण्याचा प्रश्नच येत नाही, हे आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००० साली लिहून ठेवलंय. वहिनींना अख्ख्या नऊ महिन्यांत एक मिलिसिव्हर्टही मिळायची शक्यता कमी. शंभर कुठं आणि हे कुठं.

आता सांभाळायचं काय. त्यांनी हॉस्पिटलला आणि तिथल्या आरएसओला लेखी कळवायचं की मी गरोदर आहे. लपवायचं अजिबात नाही. गरोदर आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, काम बदलून देणं ही मालकाची जबाबदारी. बाळाला रेडिएशन वर्कर धरत नाहीत, त्याला बाहेरच्या सर्वसामान्य माणसाच्या हिशोबानं जपायचं असतं. म्हणून या काळात ओटीतलं सी-आर्म म्हणजे ऑपरेशन चालू असताना वापरतात ते एक्स-रे मशीन, कॅथ लॅब, आयसीयूतला पोर्टेबल एक्स-रे ही ड्युटी दुसऱ्याला द्यावी, फिक्स रूम चालेल. न्यूक्लिअर मेडिसिन, म्हणजे पेशंटच्या अंगात किरणोत्सर्गी औषध देतात तो विभाग, असेल तर तिकडं, विशेषतः थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ देतात त्या वॉर्डात तर जायचंच नाही, कारण तिथं पेशंटच सोर्स असतो, म्हणजे रेडिएशन त्याच्याच अंगातून निघतं, आणि आयोडीन अंगात जाऊ शकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लहान मूल रडतंय, हलतंय म्हणून टेक्निशियननं स्वतः धरून उभं राहायचं नाही. मुलाच्या वडलांना शिशाचा एप्रन घालून धरायला लावायचं. ही सवय गरोदरपणातच नाही तर एरवीही नको, कारण पेशंटच्या नातेवाइकाला ते आयुष्यात एकदा होतं, टेक्निशियनला रोज.

बॅज लेड एप्रनच्या आत, छातीवर लावायचा. बऱ्याच ठिकाणी मी बघतो की बॅज एप्रनलाच टोचून ठेवलेला आणि एप्रन एक्स-रे रूममध्येच खुंटीला. मग रिपोर्ट येतो तो खुंटीचा येतो, माणसाचा नाही. आणि एप्रन घडी करून ठेवू नका, आत शिशाच्या शीटला चिरा पडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. वर्षातनं एकदा फ्लोरोस्कोपीखाली, म्हणजे पडद्यावर चालू दिसणाऱ्या एक्स-रेखाली, धरून बघितलं की मग काळजाचा ठोका चुकतो.

वहिनींचं एवढंच. आता भाऊ.

कास्टिंगच्या आत पोकळी राहिलीय का, ब्लो होल आहे का, वेल्ड पूर्ण आत गेलाय का, हे बाहेरून दिसत नाही, म्हणून एका बाजूला सोर्स म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला फिल्म ठेवून फोटो काढतात, यालाच रेडिओग्राफी म्हणतात आणि एका फोटोला शॉट. किर्लोस्करवाडीचा पंप परिसर, पलूस, कुपवाड, इकडं कराड-सातारा, जिथं म्हणून प्रेशर घेणारी कास्टिंग होतात तिथं हे काम निघतं. आणि साखर कारखान्यांत उन्हाळ्यात, गाळप बंद असताना बॉयलर उघडतात, ट्यूब बदलतात, त्या जॉइंटची रेडिओग्राफी करून दाखवावी लागते. तेव्हा आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत रात्री-रात्री हे चाललेलं असतं.

यात बहुतेक वेळा वापरतात तो इरिडियम-१९२. जाड कास्टिंग असेल तर कोबाल्ट-६०. आणि इथंच एक्स-रेपेक्षा मोठा फरक पडतो, या सोर्सला स्विच नसतो. वीज गेली, माणूस झोपला, कंपनी बंद पडली तरी तो चालूच. तो ज्या जड डब्यात ठेवतात, ज्याला आम्ही कॅमेरा म्हणतो, त्यात डिप्लीटेड युरेनियमचं शील्डिंग असतं. फोटो काढताना लांबून क्रँक फिरवायचा, ड्राइव्ह केबल सोर्सला ढकलत गाइड ट्यूबमधून टोकापर्यंत नेते, तिथं कोलिमेटर म्हणजे किरणं एकाच दिशेला सोडणारं झाकण असतं, वेळ झाली की उलटा क्रँक मारून परत आत. बाहेर असतो तेवढा वेळ सोर्स उघडा.

किती उघडा ते ऐका. २० क्युरीचा (क्युरी हे सोर्सच्या ताकदीचं माप) इरिडियम धरा, रोजच्या वापरातला. एक मीटरवर तासाला नव्वद-शंभर मिलिसिव्हर्ट. आपल्याकडं रेडिएशन वर्करला पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. म्हणजे मीटरभरावर बारा-तेरा मिनिटं उभं राहिलं की वर्षाचा कोटा संपला. आता अंतर कमी करा. अंतर निम्मं केलं की डोस चौपट होतो, एक मीटरवरून एक सेंटीमीटरवर आलं की दहा हजार पट. बोटांनी धरला तर सेकंदाला पाव सिव्हर्टच्या आसपास. मिनिटभर धरला तर त्या हाताची कातडी जाणार. आणि त्या मिनिटभरात काहीही जाणवत नाही. गरम लागत नाही, झिणझिण्या येत नाहीत, वास नाही. लाली, फोड हे नंतर, काही तासांनी-दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी उठतं, तोवर माणूस विसरून गेलेला असतो की आपण काही उचललं होतं.

१९९९ च्या फेब्रुवारीत पेरू देशात यानांगो इथं जलविद्युत प्रकल्पाच्या कामावर हेच झालं. इरिडियमचा सोर्स कॅमेऱ्यातून निसटून पडला, एका वेल्डरला तो सापडला, चमकणारी वायर म्हणून त्यानं पँटच्या मागच्या खिशात टाकली, काही तास तसंच काम केलं आणि तशीच घरी नेली. त्याचा पाय कापावा लागला. तो माणूस रेडिओग्राफर नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे काय असतं. म्हणून तुमच्या भावाला, आणि त्याच्याबरोबर कास्टिंग हलवणाऱ्या हमालांना, फिटरांनासुद्धा, पिगटेलचा म्हणजे सोर्स ज्या वायरीच्या टोकाला असतो तिचा फोटो दाखवा. जेमतेम वीतभर लांब वायर, टोकाला काही मिलिमीटरची स्टीलची कॅप्सूल, लांबून बघितलं तर सायकलच्या ब्रेकची तुटकी केबल वाटावी असं. असलं काही साइटवर पडलेलं दिसलं तर हात लावायचा नाही, उलट पावली मागं जायचं आणि इतरांना थांबवायचं.

या धंद्यात जे अपघात होतात ते जवळजवळ सगळे एकाच प्रकारचे असतात. सोर्स आत गेलाय असं धरून माणूस पुढं गेला आणि सोर्स आत नव्हता. क्रँक पूर्ण फिरला, पण पिगटेलचा हुक ड्राइव्ह केबलला नीट बसलेला नसल्यामुळं केबल रिकामीच परत आली. नाहीतर गाइड ट्यूब कुठंतरी चेपली आणि सोर्स मधेच अडकला. माणूस मात्र हिशोब करतो की एवढे फेरे मारले म्हणजे आत आला असणार. हे "असणार"च नडतं.

यावर एकच उपाय आहे आणि तो सर्व्हे मीटर, म्हणजे आसपास किती रेडिएशन आहे ते दाखवणारं हातातलं यंत्र. दर शॉटनंतर, रात्रीचा पहिला असो की शेवटचा, मीटर हातात चालू ठेवून क्रँकपासून कॅमेऱ्याकडं, मग गाइड ट्यूबच्या बाजूबाजूनं टोकापर्यंत आणि परत कॅमेऱ्याच्या पृष्ठभागावर, असं चालत जायचं. त्यातही एक बारीक गोष्ट आहे जी कोर्समध्ये सांगतात पण साइटवर कुणी पाळत नाही. कॅमेऱ्यात सोर्स बंद असतानासुद्धा त्याच्या पृष्ठभागावर थोडं रीडिंग असतंच. ते संध्याकाळी काम सुरू करायच्या आधी बघून लॉगबुकात लिहायचं. मग दर शॉटनंतर मीटर तिथं तेवढंच दाखवलं पाहिजे. जास्त दाखवलं तर सोर्स पूर्ण आत नाही. आणि कमी किंवा शून्य दाखवलं तर खूश व्हायचं नाही. शून्य म्हणजे एक तर मीटरची बॅटरी उतरलीय नाहीतर सोर्स आत नाहीच, बाहेर कुठंतरी आहे. काही जुनी जीएम ट्यूबची (गायगर नळीची) मीटरं तर फार जास्त फील्डमध्ये गुदमरतात आणि काटा खाली पाडतात, म्हणजे सोर्सच्या अगदी शेजारी उभं राहिलात तर मीटर सांगणार सगळं ठीक आहे. म्हणून लांबून मीटर चालू करून मग जवळ जायचं, जवळ जाऊन चालू करायचं नाही.

मी एकदा सातारा जिल्ह्यात एका साखर कारखान्यावर होतो, कारखान्याचं नाव सांगत नाही. रात्रीचं काम, बॉयलर हाऊसमध्ये वरच्या प्लॅटफॉर्मवर शॉट चालू होता. शॉट चालू असतानाच शेजारी टेकवून ठेवलेला एक अँगल सरकला आणि गाइड ट्यूबवर पडला. आवाज आला तेवढाच. वेळ झाल्यावर क्रँक उलटा फिरवला तर अर्ध्यात घट्ट झाला. कंत्राटदाराचा सुपरवायझर खालून ओरडतोय, "ओढा की जोरानं, येतंय!" जोरानं ओढलं असतं तर केबल तुटली असती आणि मग सोर्स चेपलेल्या ट्यूबमध्ये आणि आमच्या हातात नुसती दांडी. आम्ही क्रँक तिथंच ठेवला, सगळे लांब गेलो, आत कुणी येऊ नये म्हणून भोवती बांधलेली दोरी आणखी मागं घेतली, वॉचमनला दोन्ही जिन्यांशी उभं केलं, फोन केले. आरएसओ आले, पहिल्यांदा त्यांनी कागदावर हिशोब केला की कुठं किती वेळ कुणी थांबायचं, पेन डोसिमीटर, म्हणजे खिशात लावायचे डोस मोजणारे पेनासारखे मीटर, सगळ्यांचे शून्य करून घेतले. मग लांब चिमट्यानं शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या अडकलेल्या जागेवर टाकल्या, मीटर उतरल्याचं बघितलं, आणि मग आळीपाळीनं थोडा थोडा वेळ जाऊन ट्यूब सरळ करून सोर्स आत घेतला. कुणालाही सांगण्यासारखा डोस लागला नाही. काम मात्र लांबलं आणि कारखान्याचे चीफ इंजिनिअर आमच्यावर असे भडकले की जणू आम्हीच अँगल पाडला. चालतं. ते ओरडणं परवडतं.

हे सगळं करायला हेल्परला अधिकार नाही, हे भावाच्या डोक्यात पक्कं बसवा. क्रँक हातात घ्यायचा तर बीएआरसीचा म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिओग्राफी लेव्हल वन कोर्स पास असावा लागतो, साइटचा इनचार्ज लेव्हल टू लागतो. हेल्परनं फिल्म लावायची, शिशाची अक्षरं चिकटवायची, दोरी बांधायची, पहारा द्यायचा, डार्करूम बघायची. पण आपल्याकडं काय होतं, रेडिओग्राफर एक, साइट दोन, मग "तू बघितलंयस की किती वेळा, मार दोन शॉट, मी आलोच". इथंच नाही म्हणता आलं पाहिजे. बावीस वर्षाच्या पोराला ते अवघड जातं, म्हणून घरच्यांनी पाठीशी उभं राहायचं. आणि त्याला खरंच या लाइनीत राहायचं असेल तर मालकाला म्हणावं मला कोर्सला पाठव. लाइन वाईट नाही, शिकलेल्या माणसाला पैसा आहे.

दोरीचं काम हेल्परकडं असतं म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहितो. कोलिमेटर न लावता २० क्युरीचा सोर्स उघड्यावर असेल तर मीटर तासाला दहा मायक्रोसिव्हर्टवर (मिलिसिव्हर्टचा शंभरावा भाग) यायला जवळजवळ शंभर मीटर मागं जावं लागतं. कोलिमेटर लावला आणि मधे कास्टिंगचा आडोसा असला तर ते खूप कमी होतं, पण कमी झालंय हे मीटरनं बघून ठरवायचं, अंदाजानं नाही. कारखान्यात रात्री कुठं कोण झोपलंय सांगता येत नाही. बॉयलरच्या मागं उबेला झोपलेला माणूस, वरच्या मजल्यावर वायरिंग करणारा, भिंतीपलीकडं ट्रकचा क्लीनर. भिंत पत्र्याची असते, गॅमाला म्हणजे सोर्समधून निघणाऱ्या किरणांना पत्र्याचं काय. दोरी बांधायच्या आधी सगळीकडं टॉर्च मारून हाका मारत फिरायचं, वरही बघायचं. नवा सोर्स भरून आला की दोरी मागं घ्यायची हे तर सर्रास विसरतात. इरिडियमचं अर्धआयुष्य ७४ दिवसांचं, म्हणजे अडीच महिन्यात निम्मा होतो, माणसं जुन्या दमलेल्या सोर्सच्या अंतराला सरावतात आणि नवा आला तरी दोरी तिथंच.

आता ते चार प्रश्न. पहिला, तुला तुझ्या नावाचा टीएलडी बॅज मिळालाय का. हा बॅज म्हणजे आत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या, एक उघडी, एक प्लास्टिकखाली, एक धातूखाली, तिमाहीला लॅबला जातो आणि किती डोस लागला ते कळतं. नाव-नंबरासकट नोंद होते आणि ती देशाच्या डोस रजिस्ट्रीत आयुष्यभर राहते, नोकरी बदलली तरी. दुसऱ्याचा बॅज लावून काम करायचं नाही. आणि हे पण समजून घ्या की बॅज वाचवत नाही, तो नुसता हिशोब ठेवतो, तोही तीन महिन्यांनी सांगतो. म्हणून साइटवर तिथल्या तिथं वाचता येणारा पेन डोसिमीटर वेगळा पाहिजे. काही कंत्राटदार तर बॅज ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवतात, रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून. तसं असेल तर तो माणूस तुमच्या भावाच्या शरीराचा हिशोब खोटा लिहितोय, दुसरं काही नाही.

दुसरा प्रश्न, साइटवर चालणारं मीटर असतं का आणि त्याचं कॅलिब्रेशन कधीचं आहे, मीटरवरच स्टिकर असतो. तिसरा, कॅमेरा नेतात कशातनं. एसटीच्या डिकीत, मोटारसायकलवर मांडीत धरून, असले प्रकार मी डोळ्यानं बघितलेत. कॅमेरा कंपनीच्या गाडीत, कुलपात, पिवळं चिन्ह लावून जायला पाहिजे आणि रात्री सोर्स पिटमध्ये, म्हणजे त्यासाठीच केलेल्या खड्ड्यात, कुलूप लावून नोंद करून ठेवायला पाहिजे, लॉजच्या खोलीत पलंगाखाली नाही. चौथा, आरएसओ कोण आणि त्याचा नंबर भावाकडं आहे का. याचं उत्तर "शेठलाच माहीत" असं आलं तर मग काय ते समजा.

ही सगळी परवानगी एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ देतं, १९८३ पासून आहे, आणि २००४ च्या रेडिएशन प्रोटेक्शन नियमांत मालक, आरएसओ आणि कामगार तिघांच्याही जबाबदाऱ्या लिहिल्यात. आता सगळं ईलोरा नावाच्या ऑनलाइन सिस्टीमवर होतं, सोर्स मागवणं, लायसन, वर्करची नोंद. कंपनीकडं लायसन आहे का हे विचारणं म्हणजे भांडण नव्हे. चांगला मालक लगेच कागद काढून दाखवतो.

फाउंड्रीत जातोच आहे तर भंगाराचंही एक सांगून ठेवतो. २०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात दिल्ली विद्यापीठाचं एक जुनं कोबाल्ट-६० चं उपकरण लिलावात विकलं गेलं, भंगारवाल्यांनी कापलं, एक माणूस गेला आणि बरेच भाजले. त्याच्या दोन वर्षं आधी, २००८ ला फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडला, ते स्टील भारतातून गेलेलं, भंगारात कुठंतरी सोर्स वितळला होता. म्हणजे फाउंड्रीच्या यार्डात एखादा छोटा पण वाटतो त्यापेक्षा फारच जड डबा, आत शिसं, वर तीन पाकळ्यांचं चिन्ह असं काही आलं तर गॅस कटर लावायचा नाही. चिन्ह पुसलेलंही असतं, जडपणावरून ओळखायचं.

घरच्यांच्या बाकीच्या शंका. हळदीचं दूध प्यायलं की रेडिएशन उतरतं का, असं आईंनी विचारलंय. सांगलीत हळदीबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही, रोज प्या, पण गॅमाचा आणि तिचा संबंध नाही. गूळ, केळी, दूध, काहीच नाही. उलटं मात्र खरं आहे, हळद-मसाले जंतू मारायला वाशीच्या प्लँटमध्ये २००० सालापासून गॅमा देतात, आणि तो दिलेला मसाला रेडिओअ‍ॅक्टिव्ह होत नाही, जसा एक्स-रे काढलेला माणूस होत नाही. म्हणून भाऊ कामावरनं आला की त्याचे कपडे वेगळे धुवा, त्याच्याजवळ वहिनींनी बसू नये, असं काही करू नका. सोर्स सीलबंद कॅप्सूलमध्ये असतो, अंगाला काही लागून येत नाही. त्याला लागलं तर त्याच्यापुरतंच.

लग्नानंतर मूल होईल का, हा प्रश्न विचारायला तुम्ही लाजलात ते कळलं. मर्यादेत काम करणाऱ्याला काही होत नाही. कायमचं वंध्यत्व यायला एका दमात कैक ग्रे लागतात, मिलिसिव्हर्टच्या हिशोबात ते बसतच नाही. फक्त कॅमेरा मांडीवर घेऊन प्रवास करायचा नाही म्हणतो ते यासाठीही.

कधी संशय आला की जास्त लागलंय, म्हणजे मीटर न बघता पुढं गेला आणि नंतर कळलं, तर लपवायचं नाही. बॅज ताबडतोब, तिमाही संपायची वाट न बघता, पाठवायला लावायचा. गरज पडली तर रक्तातल्या पेशींचे क्रोमोसोम तपासून डोस काढता येतो, बीएआरसीत ती सोय आहे. पुढच्या काही तासांत उलट्या झाल्या तर ती वेळ लिहून ठेवायची, डॉक्टरला तीच गोष्ट सगळ्यात उपयोगी पडते. आणि नेहमीच्या डॉक्टरला सांगायचं की मी रेडिओग्राफीत आहे, नाहीतर हातावरचा फोड बघून तो भाजल्याचं मलम देऊन मोकळा होतो.

पुढच्या सुट्टीला भाऊ घरी आला की त्याच्या बॅजचा नंबर आणि मागच्या तिमाहीचा रिपोर्ट बघा. नुकताच लागला असेल तर रिपोर्ट नसेल, पण बॅज पाहिजेच. बॅज नाही, "महिन्याभरात येईल" म्हणत असतील, तर तोवर साइटवर जायचं नाही, ऑफिसात फिल्म धुवायला बसवा म्हणावं. तेही ऐकत नसतील तर तिथून उठवा त्याला, कुपवाडात दुसरी कामं आहेत. वहिनींचे रिपोर्ट पण मागून घ्या, ते बघून आई निम्म्या शांत होतील.